मशीन हलकं केलं, भार हातावर आला



मागच्या हिवाळ्यात अंबड तालुक्यातले एक चाळिशीतले गृहस्थ दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, सकाळी गाडीवर निघालो की बोटं पांढरीफटक पडतात, मेल्यासारखी होतात. रक्त कमी झालंय का बघा." हिमोग्लोबिन चांगलं होतं, साखरही ठीक होती. मग विचारलं, काम काय करता? म्हणाले, झाडं कापतो.

2012-13 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि तोडाव्या लागल्या, हे तुम्हाला आठवत असेल. त्याच वेळी त्यांनी एक जुनं चेन-सॉ मशीन विकत घेतलं. तेच आजही चालतं. दिवसभर उचलून खांदे भरून येतात, म्हणून मिस्त्रीकडून ते 'हलकं' करून घेतलेलं. "आता नव्या मशीनलाही ऐकत नाही," हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

मशीन हलकं असावं ही त्यांची इच्छा चुकीची नाही. पाच-सहा किलोचं धूड दिवसभर पेलणाऱ्याला प्रत्येक शंभर ग्रॅम कळतो. माझा आक्षेप आहे तो काय काढलं जातं याला.

काय काढलं होतं?

पहिली गोष्ट, पुढच्या हँडलसमोरचा गार्ड आणि त्याला जोडलेला चेन-ब्रेक. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. चेनचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या आसपास असतो. पापणी लवायच्या आत हे घडतं, तुम्ही हात मागे घेईपर्यंत उशीर झालेला असतो. तेवढ्यात चेन थांबवणारी एकच गोष्ट मशीनवर असते, ती म्हणजे हा ब्रेक. तो काढला तर जखम होते चेहऱ्याला, मानेला किंवा डाव्या हाताला.

दुसरी, सायलेन्सरच्या आतली जाळी आणि पडदे. सायलेन्सर पोकळ केला की इंजिन मोकळा श्वास घेतं, ताकद थोडी वाढते, हे खरं. पण सायलेन्सर शाबूत असतानाही हे मशीन 100 डेसिबलच्या वर आवाज करतं. कानांसाठी 85 डेसिबल आठ तास ही मर्यादा मानतात आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "टीव्हीचा आवाज शेजारच्या घरी जातो." कानाच्या आतल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

तिसरी, हँडल आणि इंजिन यांच्यामधले रबर. झिजले होते, नवे मिळाले नाहीत, म्हणून सरळ बोल्टने आवळून टाकले. "पकड घट्ट झाली," असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात इंजिनाची सगळी थरथर हातात उतरू लागली. वर्षानुवर्षांच्या थरथरीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. थंडी लागली की रक्तवाहिन्या आकसतात आणि बोट पांढरं पडतं. पुढे मुंग्या येतात, शर्टाचं बटणही लावता येत नाही. बिडी-तंबाखूने हे आणखी वाढतं.

हे टाळता येतं

1950 च्या सुमारास एका माणसाने चालवायची चेन-सॉ मशिनं आली, तेव्हा त्यांचं वजन पंधरा किलोच्या घरात होतं. पुढे कंपन्यांनीच वजन उतरवत नेलं, पण त्याच काळात रबर आणि ब्रेक मात्र जोडले. फिनलंडमधल्या सुओमुस्साल्मी भागातल्या जंगल कामगारांच्या तपासण्यांत 1972 मध्ये सुमारे 40 टक्के लोकांना पांढऱ्या बोटांचा आजार होता. 1990 मध्ये तो 5 टक्क्यांवर आला. कारण मुख्यतः एकच, कमी थरथरणारी मशिनं. जे तिथे जोडून आजार घटला, तेच आपण इथे पैसे देऊन काढून घेतोय.

मग जुनं मशीन सुधारायचं कसं?

• फांद्यांच्या आणि सल काढायच्या कामाला छोटी पट्टी आणि तिच्या मापाची चेन लावा. वजन कमी होतं आणि टोक ताब्यात राहतं. मोठी पट्टी जाड खोडापुरती ठेवा.
• चेनला वेळच्या वेळी कानस मारा. बोथट चेन दाबावी लागते, थरथर वाढते आणि मशिनात दम नाही असं वाटतं. भुसा पिठासारखा पडू लागला की चेन बोथट झाली समजा.
• एअर फिल्टर साफ करा, प्लग बदला, ऑइलचं प्रमाण कंपनीने सांगितलं तेवढंच ठेवा.
• रबर झिजले तर रबरच बदला. ते मिळतच नसतील तर त्या मशीनचं आयुष्य संपलं.
• कानात प्लग, डोळ्यांवर चष्मा, पायात बूट घाला. मध्ये मध्ये हात शेकून विश्रांती घ्या.

जखम झालीच तर हळद, चुना, चहापत्ती काही भरू नका. स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, 108 ला फोन करा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

दोष फक्त कापणाऱ्याचा नाही. त्याला झाडामागे पैसे मिळतात, म्हणून वेग हवा असतो. बागमालकांनो, ब्रेक नसलेलं मशीन तुमच्या बागेत चालू देऊ नका. मिस्त्रीदादा, गार्ड काढून द्यायला सांगितलं तर नाही म्हणा. आणि आम्ही डॉक्टरही दोषी आहोत. रुग्णाला काम काय करता हे विचारावं, असं रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने 1700 सालीच लिहून ठेवलंय. मीही आधी हिमोग्लोबिन तपासलं, कामाचं नंतर विचारलं.

त्या गृहस्थांनी रबर आणि ब्रेक परत बसवून घेतले, बिडीही कमी केली. बोटं अजून पांढरी पडतात, पण पूर्वीपेक्षा कमी वेळा. पूर्ण बरी होतील असं मी त्यांना सांगितलेलं नाही. तुमची बोटं अजून ठीक असतील, तर आजच मशीन उघडून बघा, त्यातलं काय काय काढलेलं आहे.