शेळीचे दात नुसते मोजू नका



२०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, पण आपली शेळी उस्मानाबादीच राहिली. बाजारात तिचे खालचे पुढचे दात मोजतात. दोन दाती म्हणजे वर्ष-दीड वर्षाची, आठ दाती चारच्या आसपास.

मात्र दाताचे मूळही पाहावे. मुळावर हाडासारखा पातळ थर असतो, त्याला सिमेंटम म्हणतात. मुळालगतच्या पेशी तो जन्मभर थरावर थर चढवतात. त्यात रुतलेले चिवट तंतू दाताला जबड्याशी बांधतात. त्यामुळे दात किंचित हलणे ही खोट नव्हे.

पण हिरडी सुजून खाली सरकली, मूळ उघडे पडले, की ही बांधणी सुटते. दात गेलेल्या शेळीला चरणे जड जाते. ती वाळते, दूध आटते, करडे उपाशी राहतात.

तेव्हा पैसे मोजण्याआधी ओठ उघडून हिरडी पाहा.