घरची शाळा आणि काविळीची माळ

नांदेड-लातूरकडे शिक्षण म्हणजे दहावीचे टक्के, मग शिकवणी आणि शेवटी ‘नीट’चे गुण. अशा मुलखात कुणी मूल शाळेत न घालता घरीच शिकवतो म्हणाला, तर शेजारीपाजारी आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. तरी करोनाच्या काळात घराघरांत शाळा भरली, तेव्हा काही पालकांना हे जमण्यासारखे आहे असे वाटले. थोडी का होईना, अशी घरे आज आहेत. दुर्धर आजारामुळे ज्यांची मुले शाळेत जाऊच शकत नाहीत, त्यांना तर पर्यायच नसतो. परीक्षेची सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीची मूलभूत शिक्षण योजना आहे, राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. भाषा आणि गणित आई-वडील कसेबसे रेटून नेतात. अडते ते विज्ञानावर.

इंटरनेटवर शोधले की रंगीत चित्रांचे, गुळगुळीत कागदाचे अमेरिकी संच समोर येतात. घरी शिकवण्याची पद्धत तिकडे धार्मिक ख्रिस्ती कुटुंबांत मोठ्या प्रमाणावर रुजलेली आहे, आणि त्यांच्यासाठी काढलेल्या काही पुस्तकांत पृथ्वीचे वय सहा ते दहा हजार वर्षे दिलेले असते. म्हणूनच तिकडचे इतर पालक संचावर ‘सेक्युलर’ हा शब्द आहे का, ते पाहून घेतात. आपल्याकडचे पालक चित्रे पाहून पैसे भरतात. दुसरीकडे सगळे शोध आपल्या पूर्वजांनी आधीच लावून ठेवले होते, असे सांगणारी देशी पुस्तकेही आहेत. 2015 साली मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्येच प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, तिथे पालकांना काय बोल लावायचा?

‘धर्मनिरपेक्ष विज्ञान’ म्हटले की काही घरांत कपाळाला आठी पडते. त्याचा अर्थ एवढाच, की निसर्गातल्या घटनेचे कारण निसर्गात शोधायचे आणि ते कुणालाही तपासून पाहता आले पाहिजे. घरात गणपती बसवायला ते आडवे येत नाही. पुस्तक कसे आहे हे कळायला अंगणातला काळा दगडही पुरतो. मराठवाड्याच्या बहुतेक भागातला हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झाला. जे पुस्तक पृथ्वीलाच दहा हजार वर्षांचे वय देते, ते या पहिल्या दगडालाच ठेचकाळते.

विज्ञान चुकते आणि चूक कबूल करते, हेही मुलाला दिसायला हवे. त्यासाठी लातूरइतके जवळचे उदाहरण नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावे झोपलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला. तोवर दख्खनचे पठार स्थिर मानले जात होते, आणि देशाच्या भूकंप नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002 साली नकाशा नव्याने निघाला, तेव्हा तो पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. हजारो माणसे मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर कोसळून. कोप कुणाचा, या प्रश्नाने यातले काही कळले नसते. भिंत कशी बांधली होती, या प्रश्नाने कळले. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे पुरते समजते. मातीच्या विटा आणि ताटली घेऊन करूनही पाहता येते.

या निवडीची खरी किंमत मात्र पुढे सरकारी दवाखान्यात मोजली जाते. कावीळ झाली की आजही अनेक घरांत आधी माळ आणतात. माळ रोज लांबत जाते, गळ्यातून पोटापर्यंत येते, आणि कावीळ उतरली असे समजतात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, त्यामुळे माळेचे नाव होते. पण त्यातलाच हिपॅटायटिस-ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायकांपर्यंत जीव जाऊ शकतो. ती बाई माळ घालून आठ दिवस घरी बसते, आणि आणतात तेव्हा शुद्धीवर नसते. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेण्याचा हिशेबही असाच आहे: बिनविषारी सापाचे श्रेय मांत्रिकाला, आणि विषारी सापाच्या दंशात लस टोचायची वेळ निघून गेलेली.

आता ही माळ अभ्यासाला घ्यावी. ती ताज्या हिरव्या देठांच्या बारीक तुकड्यांची, सैल गाठींनी गुंफलेली असते. देठ सुकून आक्रसतात, गाठीतला दोरा मोकळा होतो, माळ वाढते. मुलाने दोन माळा घ्याव्यात. एक निरोगी माणसाच्या गळ्यात घालावी, दुसरी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवावी, आणि दोन्ही रोज सकाळी पट्टीने मोजून वहीत लिहाव्यात. चार-पाच दिवसांत खिळ्यावरचीही लांबते. खिळ्याला काही कावीळ झालेली नसते. तुलनेसाठी दुसरा गट का ठेवायचा, हे औषधांच्या चाचण्यांमागचे सूत्र मूल इथे एका दोऱ्यात शिकते. ज्या पुस्तकात असे मोजायला, ताडून पाहायला लावणारे पान नाही, ते कितीही देखणे असले तरी विज्ञानाचे नव्हे.

पुस्तके आपल्याकडेच आहेत, आणि स्वस्त आहेत. बालभारतीची तिसरी ते पाचवीची ‘परिसर अभ्यास’ आणि सहावीपासूनची ‘सामान्य विज्ञान’ ही पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी केलेली ‘स्मॉल सायन्स’ मालिका मराठीतही आहे. ती उत्तरे कमी देते आणि मुलालाच कामाला लावते. अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी आहेतच. पुढच्या वर्गांकडेही आताच नजर टाकावी. केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला, त्यावर 2023 साली अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सह्या करून हरकत घेतली. राज्याच्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा पहिलाच आहे. जंतू औषधांना दाद का देईनासे होतात, हे त्याशिवाय कुणाला समजावणार?

घरच्या शाळेत एक उणीव मात्र राहते, ती कोणत्याही पुस्तकाने भरत नाही. वर्गात चाळीस मुले असतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला पटत नाही. घरी आईच गुरुजी आणि आईच परीक्षक, आणि तीच ग्रहणाच्या दिवशी घरातल्या गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवते. मूल पुस्तकापेक्षा हे जास्त लक्षात ठेवते. म्हणून रविवारी शेजारची दोन-तीन मुले बोलवावीत आणि तीच माळ त्यांनाही मोजायला द्यावी. एकाची नऊ बोटे भरेल, दुसऱ्याची अकरा. मग भांडण होईल आणि पट्टी पुन्हा काढावी लागेल.