गळक्या इंजिनाची उपेक्षा

अंगणातली मोटार हलविली की फरशीवर काळ्या तेलाचा डाग दिसतो. मालक त्यावर मूठभर माती टाकतो, अधूनमधून इंजिनात तेलाची भर घालतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. पावसाळा तोंडावर आला की घराची कौले निगुतीने चाळून घेणारा गोमंतकीय गृहस्थ या गळतीविषयी इतका उदासीन का असावा, हे कोडेच आहे.

गळतीचे मूळ बहुधा क्षुल्लक असते. इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हर आणि खालचे हेड यांच्यामध्ये रबराचे किंवा बुचाचे गॅस्केट असते. गॅरेजच्या भाषेत ‘पॅकिंग’. वर्षानुवर्षे उष्णता सोसून ते कडक होते, चिरते आणि तेलाला वाट देते. हे तेल एक्झॉस्टच्या तापलेल्या नळकांड्यावर ठिबकले तर धूर होतो, प्रसंगी आगही लागते.

हे पॅकिंग बदलणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले आहे. १९८३ साली आलेल्या आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेल्या मारुती ८०० सारख्या साध्या गाडीला तर पान्यांचा संच आणि एक मोकळी सकाळ पुरते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. चिकटलेले जुने पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. ॲल्युमिनियमच्या हेडवर लोखंडी धारेचा एक ओरखडा उठला तरी नवी गळती सुरू होते. खरवडलेला कचरा आत पडू देऊ नये. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. येथेच पुष्कळांची चूक होते. जोर वाढविला की तेल थांबेल, हा समज खोटा आहे. अति आवळल्याने पॅकिंग चेपते, झाकण वाकते, आटे जातात.

मात्र इंजिनातले तेल दुधाळ दिसू लागले आणि रेडिएटरमधले पाणी घटू लागले, तर हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. अशी गाडी पुढे न दामटता जाणत्या मेकॅनिकच्या स्वाधीन करावी. आपली मर्यादा ओळखणे हाही स्वावलंबनाचाच भाग होय.

परंतु केवळ नागरिकांना उपदेश करून भागणार नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षअखेरीस संकेतस्थळही सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. कोणता बोल्ट किती आवळावा, हे सांगणारी दुरुस्तीची पुस्तिका मालकाला सहज मिळत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहील.

दुसरा प्रश्न तेलाचा. रस्त्यावर ठिबकलेले तेल पहिल्या पावसात दुचाकीस्वारांना घसरविते, आणि गटारात ओतलेले तेल ओहोळाओहोळाने मांडवी-जुवारीला मिळते. २०१६ च्या नियमांनी वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले आहे. पण घरी दुरुस्ती करणाऱ्याने उरलेला डबाभर तेल न्यावे कोठे? प्रत्येक पंचायतीने त्यासाठी गावातले एखादे गॅरेज नेमून द्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. नागरिकांनी गळती थांबवावी, आणि थांबविणाऱ्याची वाट शासनाने सुकर करावी. दोन्ही कामे येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावयास हवीत.