तांबड्या शाईने खोडलेले सर्वनाम

पदवीच्या वर्गांना मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांच्या टेबलावर इंग्रजी व्याकरणाची वही येण्याचे खरे तर काही कारण नाही. पण रोज एस.टी.ने जालन्याला ये-जा करणारी प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी मध्यंतरी ती घेऊन आली. प्रश्न नेहमीचाच होता. दोन वाक्ये दिलेली, आणि ‘ॲपॉझिशन’ वापरून त्यांचे एक वाक्य करायचे. समर्थ रामदास हे दासबोधाचे कर्ते होत. त्यांचा जन्म जांब येथे झाला. मुलीने ‘दासबोधाचे कर्ते’ हे पद इंग्रजीत करून रामदासांच्या नावामागे दोन स्वल्पविरामांत व्यवस्थित बसवले होते. मात्र त्यापुढे, क्रियापदाच्या आधी, ‘तो’ या अर्थाचे इंग्रजी सर्वनाम जास्तीचे आले होते. त्यावर तांबडी रेघ आणि समासात शून्य. ‘चुकलं ते कळलं, पण का चुकलं ते कुणी सांगितलं नाही,’ असे ती म्हणाली.

आमचे म्हणणे असे आहे की, ती चूक तिला मराठी चांगले येते म्हणून झाली. आणि ज्याला हे दिसत नाही, त्याने ती खोडली तरी सुधारली असे म्हणता येणार नाही.

तेच वाक्य मराठीत लिहून पाहावे: ‘दासबोधाचे कर्ते समर्थ रामदास यांचा जन्म जांब येथे झाला.’ येथे ‘कर्ते’ आणि ‘रामदास’ ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात. यालाच आपल्या परंपरेत सामानाधिकरण्य म्हणतात. कर्मधारय समासाची व्याख्या करताना पाणिनीने याच कल्पनेचा आधार घेतला आहे. म्हणजे ही काही इंग्रजांनी जहाजातून आणलेली वस्तू नव्हे. पण मराठीची खरी गंमत पुढे आहे. आपण आदराने लिहितो तेव्हा नावाला विभक्तीचा धक्का लावत नाही. नाव जसेच्या तसे ठेवतो आणि प्रत्ययाचा सगळा भार त्यामागून येणाऱ्या ‘यांनी’, ‘यांना’, ‘यांचा’ या सर्वनामावर टाकतो. मराठीत ते सर्वनाम शिष्टाचाराचे आहे, लेखनाचे सौष्ठव आहे. इंग्रजीला त्याची गरज नाही, कारण तेथे नावाचे काम वाक्यातल्या जागेवरून कळते. आमच्या विद्यार्थिनीने ‘यांचा’ मधला ‘तो’ इमानाने इंग्रजीत नेला. तिला हवे होते ते एकच वाक्य: आपले ‘यांचा’ सीमेपाशी ठेवून पुढे जायचे. ते सांगायला पाच मिनिटे पुरतात. अट एवढीच की, सांगणाऱ्याला मराठीचे हे वळण ठाऊक असावे.

यावर इंग्रजीच्या अनेक अध्यापकांचे उत्तर आम्हांला पाठ आहे. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, मातृभाषा मध्ये आली की अडथळा होतो. आमचा साधा प्रश्न आहे. महाराष्ट्रात इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकवले जाते. म्हणजे महाविद्यालयात येणाऱ्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची बारा वर्षे असतात. एवढ्या काळात मातृभाषेला दाराबाहेर उभे करून काय साधले? ती खिडकीतून आत आलीच, आणि तिची ओळख करून न दिल्यामुळे चूक म्हणून आली. अडथळा होतो तो भाषेच्या नकळत येण्याने. तिला समोर बसवून दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी फळ्यावर लिहिली, तर तीच वाटाड्या होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांना इंग्रजी शिकवले, ते याच वाटेने.

मराठवाड्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. निजामाच्या राजवटीत येथल्या राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. घरची भाषा एक आणि विद्येची दुसरी, हा अनुभव आमच्या आजोबांच्या पिढीने घेतला. १९४८ नंतर तो संपला असे आपण मानतो. इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारायला संकोचणारी मुले पाहिली की तो संपल्यासारखे वाटत नाही.

पण केवळ शेजारच्या विभागाकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होणार नाही. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या किती जणांना ‘यांनी’चे हे कार्य समजावून सांगता येईल? मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले. आम्ही ते परीक्षेपुरते चाळले आणि साहित्यसिद्धान्तांकडे वळलो. व्याकरण ही शाळामास्तरांची बाब, असा एक तोरा साहित्याच्या अभ्यासकांत असतो. तो आमच्यातही होता. त्याचे फळ प्रबंधिकांत दिसते. ‘रामदास, एक संत जे जांब येथे जन्मले, त्यांनी’ अशी वाक्ये आमच्याच विद्यार्थ्यांकडून येतात. इंग्रजीत मराठीचे सर्वनाम शिरते आणि मराठीत इंग्रजीचे स्वल्पविराम. दोन्हीकडचे नुकसान एकाच हलगर्जीपणाचे आहे.

वास्तविक शिकवण्याची सामग्री घराघरांत पडलेली आहे. लग्नपत्रिका घ्या. वराचे नाव, आणि त्याखाली ‘श्री. अमुक यांचे ज्येष्ठ चिरंजीव’. नावानंतर येणारे, त्याच माणसाची ओळख सांगणारे पद, अगदी इंग्रजीच्या धाटणीचे! मंठ्याच्या नाहीतर भोकरदनच्या मुलाला हे शिकवावे लागत नाही, फक्त दाखवावे लागते. मग त्याला स्वल्पविरामाचे मोल सांगावे. ‘माझा भाऊ सुरेश अंबडला राहतो’ या मराठी वाक्यावरून भाऊ एक की अनेक, हे कळत नाही. इंग्रजीत सुरेशच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले तर भाऊ एकच. काढले तर अनेकांतला सुरेश नावाचा. एका टिंबाशेपटीने घरातली माणसे कमीजास्त होतात, हे ऐकून वर्ग हसतो आणि विसरत नाही.

आमची सूचना छोटी आहे. सत्रातला एक तास मराठी आणि इंग्रजीच्या अध्यापकांनी एकाच वर्गात, एकाच फळ्यापुढे मिळून घ्यावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मातृभाषेचा गौरव आहे. त्याची परीक्षा अशा तासातच होईल. त्या तासाला पहिले उदाहरण कोणते घ्यावे, तेही सुचवतो. पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेली राज्यघटनेची उद्देशिका उघडावी. ती ‘आम्ही’ या सर्वनामाने सुरू होते आणि लगेच, दोन स्वल्पविरामांच्या आत, हे ‘आम्ही’ म्हणजे कोण ते सांगते. इंग्रजीतही तसेच, मराठीतही तसेच. मुलांनी ती कैक वेळा म्हटलेली असते. त्या स्वल्पविरामांच्या आत आपणही आहोत, हे त्यांना व्याकरणाच्या तासाला कळले, तर तांबडी शाई थोडी कमी लागेल.