सुट्या भागांची शिदोरी

प्रवासास निघतांना बरोबर किती सामान घ्यावें, ह्या प्रश्नावरून ज्या घरांत कधींच वाद झाला नाहीं असें घर विरळा. आमच्या आजीच्या बोचक्यांत सुई-दोरा, सुंठेचा तुकडा, जुन्या लुगड्याची चिंधी आणि सुतळीचा गुंडा एवढ्या वस्तु पंढरपुरास जातांनाही असत. आजोबा त्या बोचक्यास हंसत. आणि वाटेंत वहाणेचा अंगठा तुटला म्हणजे सुतळी मागावयास प्रथम तेच येत. गेल्या वर्षीं ह्याच वादाचें एक विलक्षण रूप मला सातासमुद्रांपलीकडे पाहावयास मिळालें. तें वाचकांपुढें ठेवितों.

अमेरिकेंत ‘चोवीस तास लेमन्स’ ह्या नांवाच्या हौशी लोकांच्या मोटारशर्यती २००६ सालापासून भरतात. नांवांत श्लेष आहे. फ्रान्समधील ‘ल मां’ ह्या गांवीं १९२३ पासून चोवीस तासांची जगप्रसिद्ध शर्यत होते. त्या नांवाचा उच्चार इंग्रज लोक ‘ल मान्स’ असा करितात. आणि इंग्रजींत ‘लेमन’ म्हणजे लिंबू, तसेंच घेतल्यावर पस्तावा व्हावा अशी टाकाऊ मोटार. ह्या शर्यतीचा मूळ नियम असा कीं, मोटारीवरील खर्च पांचशें डॉलरपेक्षां अधिक असूं नये. चालकाचें रक्षण करणारा लोखंडी पिंजरा, आसन, पट्टे, ब्रेक ह्यांचा खर्च मात्र त्यांत धरीत नाहींत. म्हणजे जीव वांचविणाऱ्या गोष्टींत काटकसर नको, बाकी सर्वत्र असावी. नांव चोवीस तासांचें असलें तरी बहुधा शनिवार-रविवार मिळून चौदा-पंधरा तास गाड्या धांवतात, चालक पाळीपाळीनें बसतात, आणि ज्यांचे फेरे अधिक ते जिंकतात.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियांत नोकरीस आहे. त्यानें आपल्या तीन मित्रांसह वर्षभर पैसा आणि सुटीचे दिवस साठवून अशी एक पंचवीस वर्षांची जुनी मोटार उभी केली. विलोज गांवाजवळ थंडरहिल नांवाचा शर्यतीचा रस्ता आहे. तेथें जावयाचें ठरलें. आदल्या रात्रीं सामान भरलें जात असतां मी पाहत होतों. एक सबंध जुनें इंजिन, रेडिएटर, पाण्याचा पंप, अल्टरनेटर, पट्टे, रबरी नळ्या, ब्रेकचीं पॅडें, चाकांचीं बेअरिंगें, तेलाचे डबे! ‘अहो काका, हे शर्यतीला चालले आहेत, कीं बिऱ्हाड हलवीत आहेत?’ असें सूनबाईंनीं मला विचारलें. मींही पुतण्यास म्हटलें, ‘अरे, पांचशें डॉलरच्या गाडीस एवढा लवाजमा?’ तो म्हणाला, ‘काका, गाडी मोडणारच आहे. काय मोडेल, एवढेंच ठाऊक नाहीं.’

त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. घरची मोटार बाजारांत जाते-येते तेव्हां तिच्या अंगच्या शक्तीचा अल्पसा अंश खर्च होतो. शर्यतींत तीच मोटार तासचे तास पूर्ण जोरानें धांवते. लांब वळणावर इंजिनांतील तेल एका बाजूस सरतें, तेल ओढणारी नळी हवा ओढूं लागते, आणि थोडक्याच वेळांत आंतील बेअरिंगें घांसून जातात. ब्रेक तापतात, आणि ती धग चाकाच्या बेअरिंगांतील वंगण पातळ करिते. ब्रेकच्या जुन्या तेलांत हवेंतील पाणी मुरलेलें असलें कीं तें लवकर उकळतें, आणि पायाखालचा ब्रेक पोकळ लागतो. रबरी नळ्या जुनेपणानें कडक होऊन फाटतात. हादऱ्यानें नट सैल होतात.

शनिवारीं तिसऱ्या तासास पुढच्या डाव्या चाकांतून जात्याच्या घरघरीसारखा आवाज येऊं लागला. बेअरिंग गेलें होतें. आमच्या मंडळींचे चेहरे उलट उजळले. कारण नवें बेअरिंग पेटींत होतें! परंतु जुनें काढावयाचें तर एक्सलचा मोठा नट सोडवावा लागतो, आणि त्यास लागणारा बत्तीस नंबरचा गोटीपाना घरीं राहिला होता. तो असता तरी काय? त्या जातीच्या गाडींत बेअरिंग हबांत कित्येक टनांच्या दाबानें बसवावें लागतें. तो प्रेस तेथें कोठून आणणार? चार माणसांनीं उचलून आणलेलें इंजिन आमच्याजवळ होतें, आणि गाडी एका पान्यावांचून उभी होती. पुतण्या चाकाशेजारीं जमिनीवर बसून राहिला. वर्षाची पुंजी तिसऱ्या तासास संपलेली त्याच्या तोंडावर दिसत होती.

शेजारच्या जागेंत एका वयस्क गृहस्थांची तुकडी होती. त्यांची गाडी आमच्याच गाडीच्या वंशांतील. इंजिन निराळें, पण पुढचे हब सारखे. गणनेंत ते आमच्यापेक्षां अवघे पांच फेरे मागें होते. आमची गाडी उभी राहण्यांतच त्यांचा लाभ होता. ते आले, वांकून पाहिलें, आणि परत जाऊन बेअरिंग आधींच बसविलेला तयार हब व पाना घेऊन आले. ‘पाना कां आणला नाहीं?’ असें त्यांनीं विचारलें नाहीं. दीड तासानें आमची गाडी पुन्हां धांवूं लागली. तोंवर ते पुष्कळ पुढें गेले होते.

रविवारीं त्यांचा अल्टरनेटर बंद पडला. आमच्याजवळचा त्यांच्या इंजिनास बसेना. तेव्हां पुतण्यानें आपली जादा बॅटरी भारून दिली. पेट्रोलासाठीं गाडी आंत आली कीं एक बॅटरी काढावयाची, दुसरी बसवावयाची, असें करीत त्यांनीं शर्यत पुरी केली. बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. ह्या शर्यतींत असली देवघेव नित्याचीच आहे. अमुक भाग कोणाजवळ आहे काय, अशी ध्वनिक्षेपकावरून विचारणा होते, आणि प्रतिस्पर्धीच तो घेऊन धांवतो. शनिवारच्या रात्रीं दिवे लावून इंजिनें बदलतात. अचाट दुरुस्ती करणाऱ्यास निराळें पारितोषिकही असतें.

पंचतंत्रांतील तीन मत्स्य वाचकांस आठवत असतील. अनागतविधाता संकटापूर्वींच तजवीज करितो, प्रत्युत्पन्नमति संकट आल्यावर युक्ति काढितो, आणि यद्भविष्य होईल तें पाहूं म्हणून बसतो. ही कथा मीं तीस वर्षें शिकविली, आणि पहिला तोच शहाणा असें सांगत आलों. पण माझा पुतण्याही अनागतविधाताच होता. त्याची तजवीज वस्तूंची होती, कामाची नव्हती. भाग पेटींत घालण्यापूर्वीं तो हातांत घेऊन मनाशीं विचारावें : हा बसविण्यास कोणतें हत्यार लागेल? कोण बसवील? किती वेळांत? शक्य तर घरीं एकदां बसवूनच पाहावें. जो भाग स्वस्त, हलका, तासाभरांत बदलण्याजोगा, आणि ज्यावांचून गाडी हलत नाहीं, तो आधीं घ्यावा. पाण्याची नळी आणि ती आंवळण्याची क्लिप ह्यांचा मान इंजिनाहून मोठा.

दुसरी गोष्ट सांगावयास मला संकोच वाटतो. शालान्त परीक्षेच्या एका केंद्रावर मी पर्यवेक्षक होतों. एका मुलाचें पेन बंद पडलें. माझ्या खिशांत दोन होतीं. तरी मीं त्यास प्रथम विचारलें, ‘दुसरें पेन कां आणलें नाहींस?’ आणि निष्काळजीपणाचे परिणाम ह्या विषयावर हलक्या आवाजांत उपदेश केला. पेन दिलें, पण पांच-सात मिनिटांनीं. तितका वेळ तो मुलगा उभा होता. थंडरहिल येथें त्या गृहस्थांनीं पाना पुढें केला तेव्हां मला तो मुलगा आठवला. माझा उपदेश खोटा नव्हता. पण घड्याळ चालू असतां तो करावयाचा नव्हता.

पुतण्याचें नुकतेंच पत्र आलें. पुढच्या शर्यतीच्या सामानाची यादी त्यानें मला, मास्तर म्हणून, तपासावयास पाठविली आहे. इंजिन गाळलें आहे. बत्तीस नंबरचा गोटीपाना पहिल्या ओळींत आहे. त्याखालीं, बेअरिंग बसवून तयार केलेले दोन हब. शेवटच्या ओळींत एक अल्टरनेटर आहे. तो भंगाराच्या आवारांतून मुद्दाम शोधून काढला, असें तो लिहितो. त्याच्या स्वतःच्या गाडीस तो बसत नाहीं.