टिपचा कठीणपणा : ब्रेकचा न्याय आणि जंपचा न्याय

पूलच्या खेळात क्यूच्या, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठीच्या, टोकाला बसवलेली टिप हाच खेळाडू आणि पांढरा चेंडू यांच्यातील एकमेव दुवा असतो, आणि तो दुवा प्रत्येक फटक्यात जेमतेम एक-दोन सहस्रांश सेकंद टिकतो. इतक्या अल्प काळात घडणाऱ्या क्रियेसाठी टिप कशाची असावी, हा प्रश्न दोन फटक्यांच्या बाबतीत विशेष वादाचा ठरला आहे. पहिला फटका ब्रेकचा, म्हणजे डावाच्या आरंभी त्रिकोणात किंवा चौकटीत रचलेले चेंडू फोडण्याचा. दुसरा जंपचा, म्हणजे पांढरा चेंडू वाटेतल्या चेंडूवरून उडवून पलीकडच्या चेंडूला लावण्याचा. याविषयी दोन मते प्रचलित आहेत. एक मत म्हणते की चामड्याची टिप हीच खरी, बाकी सर्व हातचलाखी. दुसरे म्हणते की या दोन्ही फटक्यांसाठी टिप जितकी कठीण तितकी उत्तम. ही दोन्ही मते अपुरी आहेत, कारण दोन्ही मते दोन भिन्न फटक्यांना एकच न्याय लावतात.

पहिल्या मताचे मूळ महाराष्ट्राच्या क्रीडापरंपरेत आहे आणि ते आदरानेच तपासले पाहिजे. 1922 साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवले आणि 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा जिंकले. त्यांच्यानंतर मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी 1977, 1981 आणि 1983 या वर्षांत तोच मान मिळवला. या थोर परंपरेने मराठी खेळाडूच्या मनात क्यू आणि टिप यांविषयीच्या ज्या कल्पना रुजवल्या, त्या बिलियर्ड्स आणि स्नूकर या खेळांच्या आहेत. टोकाला चामडे लावण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्या फ्रेंच कॅप्टन फ्रांस्वा मँगो यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून, चामड्यानेच चेंडूला फिरकी देणे शक्य केले, हेही खरे आहे.

तथापि हे मत पूलला जसेच्या तसे लागू होत नाही. बिलियर्ड्समध्ये फोडण्यासाठी रचलेला चेंडूंचा गठ्ठाच नसतो. स्नूकरमध्ये तो असतो, पण तेथे आरंभीचा फटका गठ्ठ्याच्या कडेला हलका स्पर्श करून पांढरा चेंडू सुरक्षित परत आणण्याचा असतो. वाटेतल्या चेंडूवरून पांढरा चेंडू उडवणे स्नूकरमध्ये सामान्यतः फाऊल ठरते. पूलमध्ये मात्र ब्रेक जोरकस असावा लागतो, आणि क्यू वरून खाली मारून घेतलेला जंप नियमसंमत आहे. चेंडूच्या तळाशी टिप खुपसून तो उचलणे तेवढे निषिद्ध आहे. शिवाय स्नूकरचा चेंडू 52.5 मिलिमीटर व्यासाचा, तर पूलचा 57.15 मिलिमीटर व्यासाचा आणि 170 ग्रॅमपर्यंत वजनाचा असतो. ज्या खेळात हे दोन फटके अशा रूपात उद्भवतच नाहीत, त्या खेळाचा दंडक त्यांच्यासाठी प्रमाण मानणे तर्काला धरून नाही.

दुसरे मत नवे आहे आणि त्याच्या बाजूने भौतिकशास्त्राचा दाखला दिला जातो. कठीण टिपांत फिनॉलिक टिप सर्वाधिक परिचित आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवून, उष्णता व दाब देऊन ती बनवतात. जुन्या विजेच्या बटणांचे काळे बॅकेलाइट आणि पूलचे उत्तम चेंडू ही याच राळेच्या कुळातली अपत्ये आहेत. धडकेनंतर दोन वस्तू ज्या वेगाने दूर जातात आणि धडकेपूर्वी ज्या वेगाने जवळ येतात, त्या वेगांचे गुणोत्तर चामड्याच्या टिपसाठी साधारण 0.75 आणि फिनॉलिकसाठी साधारण 0.85 धरले, तर तोच क्यू त्याच वेगाने मारल्यावर चेंडूचा वेग सुमारे 6 टक्क्यांनी आणि ऊर्जा सुमारे 12 टक्क्यांनी वाढते. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या लाभाची तुलना नेमाच्या चुकीशी करून पाहिली पाहिजे. नऊ फुटी टेबलावर ब्रेकच्या रेषेपासून गठ्ठ्याच्या पहिल्या चेंडूपर्यंतचे अंतर 50 इंच, म्हणजे 127 सेंटिमीटर असते. एवढ्या अंतरावर पांढऱ्या चेंडूची दिशा केवळ एका अंशाने चुकली, तर तो पहिल्या चेंडूच्या मध्यापासून सुमारे 22 मिलिमीटर बाजूला लागतो, आणि भूमितीच्या हिशेबाने त्याची सुमारे 15 टक्के ऊर्जा गठ्ठ्यात न जाता त्याच्यापाशीच उरते. कठीण टिपने मिळवून दिलेले 12 टक्के एका अंशाच्या चुकीत गेले, आणि वर उरलेली ऊर्जा पांढऱ्या चेंडूला आडवा पळवून पॉकेटात घालण्याची भीती वाढली. एट-बॉल या प्रकारात, एकही चेंडू पॉकेटात गेला नाही तर निदान चार चेंडू कडेच्या गादीला लागावेत, एवढीच ब्रेकची अट आहे; वेगाची अट नियमात कोठेही नाही. ‘बळी तो कान पिळी’ हे तत्त्व ब्रेकला लावणारे मत येथे कोसळते. ब्रेकला प्रथम हवी अचूकता, नंतर पांढरा चेंडू टेबलाच्या मध्यावर थांबवण्याचा ताबा, आणि त्यानंतर वेग.

जंपचा न्याय याहून निराळा आहे. क्यूचे मागचे टोक उंच उचलून चेंडूवर वरून तिरका आघात केला की कापडाखालच्या पाटीच्या दगडावर चेंडू क्षणभर दाबला जातो आणि उसळतो. त्या क्षणी टिप वाटेतून दूर झालेली नसेल, तर चेंडू दगड आणि टिप यांच्या चिमटीत अडकतो आणि उडतच नाही. मऊ चामडे आघातात दबते, संपर्क लांबवते आणि चेंडूला अडवून धरते. कठीण टिप दबत नाही, संपर्क लवकर संपवते आणि हलक्या क्यूसह स्वतःही मागे उसळते. म्हणून जंपच्या क्यूचे वजन बहुधा 225 ते 280 ग्रॅम ठेवतात, मात्र नियमाप्रमाणे लांबी 40 इंचांहून कमी चालत नाही. म्हणजे जंपमध्ये कठीणपणा ही फटक्याची पूर्वअट आहे. जंपने कापड खराब होते या आक्षेपालाही येथेच उत्तर मिळते. कापडाला इजा चेंडू जोराने दाबला गेल्याने होते; कठीण टिपने तोच जंप कमी जोरात साधतो, म्हणून कापडाची झीजही कमी होते.

कठीण टिपचे दोष मात्र लपवू नयेत. फिनॉलिकच्या गुळगुळीत पृष्ठावर चॉक नीट टिकत नाही. त्यामुळे मध्यापासून दूर मारताना टिप घसरून मिसक्यू होण्याची शक्यता वाढते. चामड्याच्या चांगल्या टिपनेही फिरकीची मर्यादा चेंडूच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्यापर्यंत, म्हणजे मध्यापासून सुमारे 14 मिलिमीटरपर्यंतच असते. म्हणून साईड (बाजूची फिरकी) आणि स्क्रू (चेंडू मागे आणणारी फिरकी) लागणाऱ्या रोजच्या खेळासाठी फिनॉलिक टिप निरुपयोगी ठरते. दुसरीकडे, खेळण्याच्याच चामडी टिपने रोज ब्रेक मारले तर ती दबून कडांना पसरते, तिची गोलाई बिघडते, आणि ज्या टिपवर नाजूक फटके अवलंबून असतात तीच निकामी होते.

यावरून जो सिद्धान्त निघतो, तो नामपूरसारख्या गावातील खेळाडूला अधिकच उपयोगी आहे. मोसम नदीकाठच्या, कांद्याच्या बाजारासाठी परिचित असलेल्या या बागलाणातील गावातून खेळाचे साहित्य आणायचे तर मालेगाव किंवा नाशिक गाठावे लागते; त्यामुळे तीन महागडे क्यू बाळगण्याचा उपदेश तेथे व्यर्थ आहे. एकच क्यू असेल, तर त्यावर मध्यम कठीणपणाची चामडी टिप ठेवून ब्रेक मध्यावर आणि बेताच्या जोराने मारावा. दुसरा क्यू शक्य असेल, तर जुन्या, सरळ क्यूला थरांची कठीण चामडी किंवा फिनॉलिक टिप बसवून तो केवळ ब्रेकसाठी राखावा. जंपचा क्यू तिसरा, आणि त्याला फिनॉलिकच टिप हवी. पण टिपने चेंडूवर ओरखडा पडू नये अशी नियमांची अपेक्षा असल्याने, स्पर्धेत उतरण्यापूर्वी आयोजकांना कोणती टिप मान्य आहे हे विचारून घ्यावे.

खुरप्याचे काम कुदळीने करू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अवजाराची निवड कामावरून होते, हा त्याचा रोजचा न्याय आहे. तोच न्याय टेबलावर लावला की वाद मिटतो: जंपला कठीणपणा अनिवार्य आहे, ब्रेकला तो केवळ उपकारक आहे, आणि उरलेल्या सर्व खेळाला चामड्यावाचून गत्यंतर नाही.