परतूरचा फोन घ्या

तरुणांचं रेडिओ स्टेशन गाण्यांवर चालतं, असं बाहेरून वाटतं. पण गाणी आता प्रत्येकाच्या खिशात आहेत, हवं ते हव्या त्या वेळी वाजतं. तरी पोरं एफएम लावतात ती मधल्या बोलण्यासाठी. आपल्या कॉलेजचं, आपल्या गावाचं नाव कुणीतरी मोठ्याने घेतं, त्यासाठी. जालना जिल्ह्यातल्या परतूरच्या स्टेशन रोडवर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चार्जिंगची पिन बदलून होईपर्यंत समोर बसणारी गिऱ्हाइकं बहुतेक याच वयाची असतात. त्यांना रोज बघतो म्हणून ठामपणे सांगतो: खासगी एफएमवाल्यांनी तालुक्याच्या गावातल्या तरुणाला श्रोता म्हणून कधी मोजलंच नाही.

ओळखीच्या एका मुलामुळे छत्रपती संभाजीनगरातल्या एका स्टुडिओत मला काचेपलीकडे बसून काम बघता आलं. आरजे एक प्रश्न टाकतो आणि गाणं सुरू होतं. त्या चार मिनिटांत खरी धावपळ असते. फोन वाजायला लागतात. आरजे एकेकाशी बोलतो, सगळं रेकॉर्ड होतं, अडखळलेलं काढून टाकतात आणि गाणं संपताच तोच फोन आत्ता आल्यासारखा हवेत जातो. फोनवरची मुलगी सुरुवातीला लाजत होती. आरजेने तिला दोनदा हसवलं, तिच्या कॉलेजच्या कँटीनबद्दल विचारलं, मग ती अशी मोकळी बोलली की मीसुद्धा कान टवकारले. गाण्यांचा क्रम संगणकावर आधीच लावून ठेवलेला होता, त्याला कुणी हात लावत नव्हतं. त्या माणसाची सगळी कला फोनवरच्या अनोळखी पोरीला दोन मिनिटांत आपलंसं करण्यात होती. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

ही ताकद किती मोठी आहे, ते जुलै २०१७मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. रेड एफएमच्या आरजे मलिष्काने ‘सोनू’ या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर मुंबईतल्या खड्ड्यांचं गाणं केलं. शिवसेनेच्या नगरसेवकांनी तिच्यावर ५०० कोटींच्या दाव्याची मागणी केली आणि महापालिकेने तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस काढली. खड्डे काय मुंबईतच असतात? पण आमच्या खड्ड्यांवर गाणं करणारा आरजे आम्हाला नाही.

संभाजीनगरच्या स्टेशनांचा आवाज परतूरपर्यंत नीट येत नाही. सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसने अप-डाऊन करणारी पोरं सांगतात, जालना सुटून बदनापूर आलं की खरखर थांबते. त्यातही एफएमला इअरफोनची वायर लागते, कारण तीच अँटेना असते. नव्या बऱ्याच फोनांना तो जॅकच उरलेला नाही. मोबाइलमधली एफएमची सोय बंद ठेवू नका, असं केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाला २०२३मध्ये कंपन्यांना कळवावं लागलं. म्हणून आमची पोरं आरजेला इन्स्टाग्रामवर बघतात, स्टेशन अॅपवर ऐकतात, स्पर्धेत उत्तरं पाठवतात. माझ्या पुतणीचं उत्तर एकदा बरोबर आलं. बक्षीस काय, तर संभाजीनगरच्या मल्टिप्लेक्समधली रात्रीच्या खेळाची दोन तिकिटं. सिनेमा सुटल्यावर परतूरला यायचं कसं, हे ठरवणाऱ्याच्या डोक्यातही आलं नसावं. तिने तिकिटं सोडून दिली आणि त्या स्टेशनला पुन्हा उत्तर पाठवलं नाही.

यामागचं गणित मला कळतं. स्टेशन चालतं दहा-दहा सेकंदांच्या जाहिरातींवर. कोण किती ऐकतं याची नियमित मोजणी झाली तीही दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि कोलकाता या चार महानगरांत. मराठवाड्यातला श्रोता कागदावरच नाही, मग त्याच्यासाठी कार्यक्रम कोण करणार? पण सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की याच गावांत मोटारसायकली आणि मोबाइल विकले जातात. जालन्याच्या बियाणे कंपन्यांना गिऱ्हाईक कुठलं हवं असतं? खेड्यातलंच ना?

‘आम्हाला बातम्या देता येत नाहीत,’ हे एफएमवाल्यांचं नेहमीचं उत्तर. ते अर्धंच खरं आहे. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे बरोबर. पण केंद्राच्या २०११च्या एफएम धोरणाने परीक्षा, निकाल, प्रवेश, करिअर मार्गदर्शन, नोकरीच्या संधी, हवामान, वाहतूक, प्रशासनाने दिलेल्या वीज-पाण्याच्या आणि आपत्तीच्या सूचना यांना बातम्यांतून वगळलं आहे. स्थानिक खेळांचं धावतं वर्णनही चालतं. पहाटे अंधारात पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या आमच्या पोराला नेमकं हेच हवं आहे. अर्जाची मुदत त्याला कुठल्या तरी ग्रुपवर कळते आणि ती खरी की खोटी हे विचारायला तो माझ्या दुकानात येतो. परवानगी हातात असून ही माणसं त्याला दिवसभर लोकांना टोप्या घालणारे गमतीचे फोनच ऐकवत असतील, तर दोष धोरणाचा नाही.

इंटरनेट असताना रेडिओ कशाला, असं कुणी विचारेल. २६ फेब्रुवारी २०२४ला मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद केलं होतं. नेट गेलं की अॅपही मुकं होतं, रेडिओ मात्र चालू राहतो. परभणी आकाशवाणी मध्यम लहरीवरून आमच्यापर्यंत पोहोचत होती म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांनी तिच्यावर जीव लावला, पण विशीतल्या पोराची बोली तिला आता साधत नाही, हेही खरं आहे. त्याच्या बोलीत बोलणारा माणूस खासगी स्टेशनकडे आहे.

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मातृभाषेतला स्थानिक मजकूर वाढेल, असं कारणही दिलं. नवं स्टेशन येईल तेव्हा येईल. आज जी स्टेशनं चालू आहेत, त्यांच्या प्रमुखांना माझी विनंती आहे. आठवड्यातला एक तास परतूर, मंठा, सेलू, घनसावंगीच्या फोनसाठी ठेवा. बक्षीस मोबाइल रिचार्जचं द्या, ते घरबसल्या मिळतं. कॉलेजांच्या दौऱ्यावर निघालात की गाडी जालन्यावरून माघारी फिरवू नका, पुढे परतूरपर्यंत आणा.